पट्ट्याचं दुसरं टोक

(दृश्य : पहाट. रंकाळ्याकडे जाणारा रस्ता. एक लॅब्रॅडोर, त्याचा पट्टा, मालकाच्या हातातली काठी.)

कोल्हापुरात पाळलेलं कुत्रं फिरवायच्या वेळा दोन. एक पहाटेची, दुसरी रात्री जेवणं उरकल्यावरची. दिवसा गाड्यांची गर्दी, आणि उन्हाळ्यात डांबर इतकं तापतं की पंजे भाजतात. पण रहदारी ओसरली की गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांचाही वावर वाढतो. कचऱ्याच्या कोंडाळ्याभोवतीची जागा त्यांची, बंद दुकानाची पायरी त्यांची, चौकातला वाळूचा ढीग त्यांचा. त्यांच्या या हद्दीतून आपण एक परकं कुत्रं घेऊन निघालेलो असतो, आणि तेही बांधलेलं.

बांधलेलं असण्यातच सगळी अडचण आहे. दोन मोकळी कुत्री एकमेकांना भेटतात तेव्हा सहसा सरळ अंगावर जात नाहीत. थोडा वळसा घेतात, मान बाजूला वळवतात, मागून वास घेतात. पटलं नाही तर एक जण निघून जातो. पट्ट्यातल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही. समोर कुत्रं दिसलं की घाबरून आपण पट्टा खेचतो. गळपट्ट्यानं मान वर उचलली जाते, छाती पुढे येते, पुढचे पाय जमिनीवरून सुटू लागतात. आपलं कुत्रं भ्यालेलं असतं, समोरच्याला मात्र ते चालून आल्यासारखं दिसतं. आणि पळून जायची वाट तर आपणच बंद केलेली असते. ती वाट शोधून द्यायचं काम त्यामुळे पट्टा धरणाऱ्याचं.

(दृश्य : चौकातलं कोंडाळं. शेजारी मटणाच्या दुकानाचं बंद शटर.)

ही वाट घरातून निघायच्या आधी शोधायची असते. आपल्या शहरात रविवारी घरोघरी मटण शिजतं. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी पी ढबाक या वाजंत्रीच्या तालावर त्र्यंबोली देवीला नदीचं नवं पाणी घालायला गल्लीच्या गल्ली निघते, आणि यात्रेचं जेवण होतं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यात हाडं असतात. हाडापाशी बसलेलं कुत्रं एरवी कितीही गरीब असलं, तरी त्या घडीला जवळून कुणालाही जाऊ देत नाही. म्हणून सोमवारच्या पहाटेचा रस्ता रोजचाच असायला हवा असं नाही.

तसंच भाद्रपदाचं. माजावर आलेल्या मादीमागे नरांची झुंड फिरते, आणि त्या झुंडीत ओळखीचं कुत्रंही ओळख ठेवत नाही. त्यानंतर साधारण त्रेसष्ट दिवसांनी पिल्लं होतात, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत. उभ्या गाडीखाली, बांधकामावरच्या पाइपात, जिन्याखाली. व्यालेली कुत्री भुंकून इशारा देत बसेलच असं नाही, ती थेट येते. गल्लीत पिल्लं झाल्याचं पेपर टाकणाऱ्या पोराला, दूधवाल्याला, झाडलोट करणाऱ्या मावशींना सगळ्यात आधी कळतं. त्यांना विचारावं.

(दृश्य : लॅब्रॅडोरचे मालक. वय सत्तरीच्या आसपास. कॅमेरा त्यांच्या हातावर.)

या काकांचा हात बघा. पट्ट्याची कडी अंगठ्यात अडकवलेली, वरून मूठ मिटलेली. पट्टा त्यांनी पंजाला गुंडाळलेला नाही. तीस किलोच्या कुत्र्यानं एकदम हिसका दिला तर गुंडाळलेल्या पट्ट्यात बोटं मोडतात. पट्टा साधा, सहा फुटांचा. बटण दाबलं की लांब होणारा दोरीचा पट्टा ते वापरत नाहीत. ऐन वेळी त्यात कुत्रं जवळ ओढता येत नाही, आणि बारीक दोरी हातापायाला कापते. कुत्र्याच्या अंगात छातीवरून बांधायचा हार्नेस आहे आणि त्याला पाठीवर धरायची मूठ आहे. गळा न आवळता कुत्रं उचलता येतं.

पण काकांची खरी हुशारी त्यांच्या नजरेत आहे. कुत्रं खाली वास घेतं तेव्हा ते पुढच्या वळणाकडे बघतात. आता पुढं पानपट्टीजवळ दोन कुत्री पडली आहेत. एकानं मान उचलली. शेपूट वर, ताठ. कान पुढे. अंग एकदम स्थिर. नजर हटत नाही. हलतडुलत येणारं, सैल अंगाचं कुत्रं बहुतेक वेळा चौकशीला येतं. असं गोठलेलं कुत्रं ठरवत असतं. काकांनी एव्हाना रस्ता ओलांडला आहे.

"ती उठायच्या आधी आपण वाट बदलायची," ते सांगतात. "उठल्यावर बदलली की त्यांना वाटतंय आपण पळालोय. मग ती मागं लागत्यात."

काठी त्यांनी एकदाही उगारली नाही. गरज पडली तर ती जमिनीवर आपटतात, आणि "हाड!" म्हणतात, मोठ्यानं, एकदाच. दगड उचलल्याचा नुसता आव आणला तरी पुष्कळ कुत्री मागं सरतात, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे, आणि तेवढं करायला हरकत नाही. दगड मारू मात्र नये. मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी लांबूनच खवळतं, आणि ते भोगायला आपल्या मागून येणारं दुसरं कुणाचं तरी कुत्रं असतं.

(दृश्य : ताराबाई पार्कातला बंगल्यांचा रस्ता. अर्धवट उघडं फाटक.)

सगळा दोष गल्लीतल्या कुत्र्यांच्या माथी मारणं सोपं आहे, पण खरं नाही. बंगल्याच्या फाटकातून सुसाट सुटलेलं पाळीव कुत्रं हा धोका तेवढाच मोठा आहे. मागून मालकाचा आवाज येतो, "काय करत नाही हो तो!" त्याचा विश्वास खरा असेल. घरातल्या माणसांना तो काही करत नसेल. पण पट्ट्यात अडकलेल्या, आजारी किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला तो काय करेल हे त्या मालकाला सांगता येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ याच निष्काळजीपणासाठी आहे. ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी म्हणेन, कलमापर्यंत जायची वेळच का यावी? फाटक उघडण्याआधी पट्टा लावायला किती वेळ लागतो?

(दृश्य : रस्त्यावर एक बाई, छोटा पॉमेरेनियन. समोरून भुंकत येणारं कुत्रं.)

तरीही एखादं कुत्रं धावून येतंच. त्या क्षणी पळायचं नाही. आपल्या कुत्र्याला मागं घ्यायचं, स्वतः मधे उभं राहायचं. खिशात बिस्किटं किंवा पेडिग्रीचे दाणे असतील तर मूठभर येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडासमोर जमिनीवर फेकायचे. भुकेलं कुत्रं तिथं अडकतं आणि आपल्याला दहा पावलं मिळतात. पावसाळ्यात हातात छत्री असतेच. ती समोर धरून एकदम उघडली की बहुतेक कुत्री दचकून थांबतात. घरी आपल्या कुत्र्यासमोर ती आधी उघडून दाखवा, नाहीतर आधी तेच बिथरायचं.

लहान कुत्रं कडेवर घ्यावं का? घेतलं तर हल्ला करणारं कुत्रं आपल्या अंगावर उडी घेतं, चावा हाताला किंवा तोंडाला बसतो. उभ्या गाडीच्या टपावर, कठड्यावर, एखाद्या फाटकाच्या आत त्याला ठेवता आलं तर ते जास्त बरं. पण जवळ यातलं काहीच नसेल आणि कुत्रं चार किलोचं असेल, तर बाई त्याला उचलणारच. तिला कुणी नावं ठेवू नयेत.

झोंबाझोंबी लागली तर मधे हात घालू नका. आपलंच कुत्रं त्या भरात आपल्याला चावतं. दात रुतलेले असताना पट्टा ओढू नका, मांस फाटतं. पाण्याची बादली, सतरंजी, पत्र्यावर जोरात आवाज, हे आधी. दोन माणसं असतील तर दोघांनी दोन्ही कुत्र्यांचे मागचे पाय मांडीपासून धरून एकाच वेळी मागं सरकायचं, आणि लगेच सोडायचं नाही.

(दृश्य : जनावरांचा दवाखाना. टेबलावर छोटं कुत्रं. डॉक्टर मशिननं केस काढत आहेत.)

घरी आणलं तेव्हा या कुत्रीच्या पाठीवर रक्ताचे दोन ठिपके होते. घरच्यांना वाटलं, थोडक्यात निभावलं. आता केस निघाल्यावर बघा. कातडीला दोन भोकं, हरभऱ्याएवढी. डॉक्टर त्यातल्या एकात बोथट सळई घालतात, आणि ती कातडीखाली सरळ पुढं जात राहते. चावणारं कुत्रं धरून झटके देतं. कातडी सैल असते, ती दाताबरोबर हलते, म्हणून वरून फारसं दिसत नाही. फाटतं ते आतलं. छातीवर किंवा पोटावर चावा असेल तर फुप्फुसाला, आतड्याला इजा झालेली असू शकते, आणि ती काही तासांनी कळते. धाप, पांढरट हिरड्या, पोट फुगणं, एका जागी मुटकुळं करून बसणं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

जखमेत हळद, चुना, तिखट भरू नका. साबण आणि वाहतं पाणी. माणसाला चावा किंवा ओरखडा असेल तर पंधरा मिनिटं धुवायचं आणि तडक सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय, गाठायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कुणीच वाचत नाही, लस वेळेत घेतली तर मात्र तो टाळता येतो. चाव्यानं कातडी फुटून रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. आपल्या कुत्र्याचं वर्षाचं इंजेक्शन झालेलं असलं तरी चाव्यानंतर डॉक्टर पुन्हा डोस देतात. लशीचं कार्ड सोबत न्या.

(दृश्य : राजारामपुरीतली एक गल्ली. रात्र. भाताचं पातेलं घेऊन निघालेली बाई.)

या गल्लीत मोठी भांडणं होती. ही ताई रोज रात्री नऊला गल्लीच्या तोंडावर कुत्र्यांना भात घालायची, आणि नऊलाच लोक आपापली कुत्री घेऊन बाहेर पडायचे. एका बीगलला चावा बसल्यावर प्रकरण हमरीतुमरीवर आलं. कुणी म्हणालं, खायला घालणंच बंद करा. खायला घालणं बंद केलं म्हणून कुत्री जात नाहीत. ती उपाशी राहतात, कोंडाळी उपसतात आणि जास्त भांडतात.

प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मध्ये याचा विचार आहे. खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून, इमारतीच्या दारापासून दूर ठरवायची. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून, कानाला खाच पाडून, त्यांना त्याच ठिकाणी परत सोडायचं. गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी एका रविवारी दोन्ही बाजूंना कट्ट्यावर बसवलं. जागा गल्लीच्या टोकाला, बंद गोदामाच्या भिंतीकडे हलली. वेळ दहानंतरची ठरली. फिरवणाऱ्यांनी साडेनऊपर्यंत घरी यायचं कबूल केलं.

सगळं मिटलेलं नाही. एका तांबड्या कुत्र्याचं आणि त्या बीगलचं अजून बिलकूल जमत नाही, त्या घरची माणसं आता दुसऱ्या गल्लीनं जातात. पण गल्लीतली कुत्री पकडायला गाडी येते तेव्हा जाळीला हुलकावणी देणारी कुत्री या ताईच्या हातून भात खातात. खाच नसलेल्या कानांची तीन उरली आहेत. त्यातली एक गाभण आहे. तिला सोडून बाकी दोघांना पुढच्या गाडीत ताई स्वतः धरून देणार आहे, आणि बीगलचे मालक पिंजरा धरायला येतो म्हणाले आहेत.