'ने' म्हणजे हो की नाही?

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला 'भाषा आणि आपण' असा भारदस्त विषय दिला होता. टिपणंही काढली होती मी. ती पर्समध्येच राहू देत, कारण गेल्या रविवारी आमच्या घरात एक अक्षर शिरलंय आणि ते काही केल्या बाहेर जाईना.

रविवार म्हणजे आईला व्हिडिओ कॉल. तुमच्याकडेही तेच असणार, अर्धा वेळ कपाळ दिसतं आणि अर्धा वेळ छताचा पंखा. बोलणं संपत आलं तशी आई म्हणाली, "मला एकदा तिकडे ने गं." मी नेहमीसारखं "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. शेजारी आठ वर्षांची लेक बसली होती. तिने विचारलं, "आई, आजी हो म्हणाली की नाही म्हणाली?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग उलगडा झाला. वर्गात तिच्या एका बाजूला ग्रीक मुलगी बसते, दुसऱ्या बाजूला बल्गेरियन मुलगा. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. बल्गेरियनमध्ये 'ने' म्हणजे नाही. आणि दोन्ही देश एकमेकांचे सख्खे शेजारी! त्यात बल्गेरियात नाही म्हणताना मान वरखाली होते आणि हो म्हणताना आडवी. हसू नका, आपली मान या दोन्हींच्या मधेच कुठेतरी डोलत असते.

ग्रीकांचं 'नाही' म्हणजे 'ओही'. त्या शब्दाला चक्क राष्ट्रीय सुट्टी आहे, २८ ऑक्टोबरला. १९४० साली त्या दिवशी त्यांनी इटलीचा निर्वाणीचा खलिता धुडकावला होता. आमच्याकडे 'नाही'ला सुट्टी दिली तर दुपारपर्यंत घर बंद पडेल.

त्या रात्री नवरा घोरायला लागला आणि मी शोधत बसले. मी हिशेब तपासणारी बाई, भाषातज्ज्ञ नव्हे, पण ताळा लागेपर्यंत झोप येत नाही. बल्गेरियन, चेक, सर्बियन, लिथुआनियन यांचा 'ने' हा आपल्या 'न'चा सख्खा चुलत भाऊ निघाला. संस्कृतातला 'न', लॅटिनमधला 'ने', इंग्रजीतल्या 'नेव्हर' आणि 'नन'च्या तोंडाशी बसलेला 'न' हे सगळे एकाच घरचे. ग्रीकांचा होकार मात्र वेगळ्या घरातला. गंमत म्हणजे प्राचीन काळी त्याचा उच्चार 'नाइ' असा होता. म्हणजे सॉक्रेटिसाचे शिष्य मोठ्या आदराने "नाइ, नाइ" करत होते आणि ते होकार देत होते!

फ्रेंचांच्या 'ने'ची कथा मला सगळ्यात लागली. तोही नकारच. पुढे त्याला जोर यावा म्हणून सोबत 'पा' आला. पा म्हणजे पाऊल, 'एक पाऊलही चालत नाही' मधलं. हळूहळू पाऊलच नकार झालं आणि बोलताना 'ने' गिळला जाऊ लागला. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये हे नेमकं टिपलं: नकाराचा शब्द झिजतो, त्याला आधाराला दुसरा येतो, आणि शेवटी आधारच घर बळकावतो. (इथे आमचे हे माझ्याकडे का बघतायत, ठाऊक नाही.)

तुर्कीत 'ने' म्हणजे 'काय'. कोरियनमध्ये 'हो', फक्त आपल्या कानाला तो पुष्कळदा 'दे' ऐकू येतो. जपानीत वाक्याच्या शेवटी येणारा 'ने' म्हणजे थेट आपला 'ना'. छान आहे ना? तसा. यांचं आपसांत नातं काही नाही. माणसाच्या तोंडातून निघणारे आखूड आवाज मोजकेच, एकाच नावाची माणसं भेटावीत तसे ते भेटतात.

आणि आपला? तृतीया, ने, ए, शी! बघा, मागच्या रांगेतून कसा कोरस आला. दुसरा 'नी' धातूतला, नेता आणि नायक यांच्या घरचा, म्हणजे आईचा. तिसरा संतांच्या 'नेणे'मधला, न जाणणे. नेणता आणि नेणीव हे शब्द तिथलेच. म्हणजे घेऊन जाणं आणि न कळणं, मराठीत दोन्ही एकाच आवाजात.

पण माझं गाडं पुन्हा लेकीच्या प्रश्नावरच येतं. तिला ग्रीक 'ने' माहीत, बल्गेरियन 'ने' माहीत, आजीचा का नाही? कारण आमच्या घरात तो कोणी उच्चारतच नाही. मी स्वतः काय ओरडते, तर "जॅकेट टेक करायला विसरू नकोस!" नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "मुलीशी तूच जास्त बोलतेस." त्यावरून दोन दिवस आम्ही तीन भाषांत भांडलो.

तुम्हीही हसू नका. आपल्या मुलांचं मराठी म्हणजे बहुतेक आज्ञार्थ असतो. ये, बस, ऊठ, आवर. आणि पोरांनी स्वतःहून तोंड उघडलं की आपण खो-खो हसतो. माझी लेक एकदा "मीने नाही केलं" म्हणाली. हिंदीत 'मैंने' आहे, मग मराठीत 'मीने' का नको? तर्क बिनचूक! मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागत नाही, हे तिला कोणी सांगितलंय? आम्ही हसलो, वर तो किस्सा पाहुण्यांना ऐकवला. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी मराठीत बोलली नव्हती. असे किस्से या सभागृहात बऱ्याच जणांनी ऐकवलेत, आणि मी टाळ्या दिल्यात.

असो. बुधवारी तिला जवळ घेऊन आजीचा 'ने' समजावला. "मला तुमच्याकडे घेऊन जा, असं म्हणत होती आजी." तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग तू 'बघू' म्हणालीस. ते हो असतं की नाही?"

उद्या रविवार आहे.