देवाचे पगारी सेवक: प्राचीन इजिप्तचे पुजारी

नमस्कार मंडळी! आज थेट कर्नाकला जाऊया, अमून देवाच्या मंदिरात. पहाटेची वेळ आहे. गाभाऱ्याच्या दाराला दोरी बांधलीय आणि तिच्यावर मातीचं सील आहे. पुजारी ते सील फोडतो, दार उघडतो, देवापुढे लोटांगण घालतो. मग मूर्तीला सुगंधी तेल लावायचं, तागाची वस्त्रं नेसवायची, नैवेद्य दाखवायचा. सगळं झालं की दार पुन्हा सीलबंद. आणि बाहेर पडताना स्वतःच्या पावलांचे ठसे झाडूनं पुसत यायचं!

आता याच मंदिराच्या भिंती बघा. तिथे ही पूजा करताना कोण कोरलंय? राजा. कारण देवाची पूजा करायचा हक्क मुळात एकट्या फेरोचाच. पण राजा एक आणि देवळं शेकडो, म्हणून पुजारी त्याच्या वतीनं उभा राहायचा. त्याची पदवी होती ‘हेम-नेचर’, म्हणजे देवाचा सेवक. प्रवचन देणं, लोकांना धर्म शिकवणं हे त्याचं काम नव्हतंच. सामान्य माणूस गाभाऱ्यापर्यंत पोचायचाही नाही.

आणि बहुतेक पुजारी बारा महिने पुजारी नसायचे. मध्य राज्याच्या काळात, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वी, त्यांच्या चार तुकड्या असायच्या. महिनाभर सेवा, मग तीन महिने आपापला कामधंदा, घरसंसार. पाळी आली की अंगावरचे केस काढायचे, थंड पाण्यानं स्नान करायचं, लोकरीचं काही घालायचं नाही. या पाळ्यांचे तक्ते किती जुने असतील? कैरोजवळच्या अबुसीरला सापडलेल्या पपायरसांमध्ये (पपायरस म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद) पाचव्या राजवंशाच्या काळातले तक्ते आहेत, म्हणजे चार हजार वर्षांहून जुने. कोणाची ड्यूटी कुठे, ते सगळं लिहिलेलं!

मोबदला काय? देवापुढचा नैवेद्य नंतर पुजाऱ्यांमध्ये वाटला जायचा. भाकरी, बियर, मांस. या वाटणीचा माझा सगळ्यात आवडता पुरावा आस्यूतचा आहे. तिथल्या जेफाईहापी नावाच्या प्रांताधिकाऱ्यानं इसवी सनपूर्व विसाव्या शतकात पुजाऱ्यांशी दहा करार केले आणि आपल्या थडग्याच्या भिंतीवर कोरून ठेवले. त्यात तो व्याख्याच देतो: ‘मंदिराचा एक दिवस’ म्हणजे मंदिराच्या वर्षाच्या उत्पन्नाचा 360वा हिस्सा. तो स्वतःही पुजारी होता, म्हणून असे आपल्या वाट्याचे दिवस तो पुजाऱ्यांना देतो, आणि बदल्यात काय मागतो? सणाच्या रात्री आपल्या पुतळ्यापुढे दिवा लावण्यासाठी वाती! वर हेही बजावतो की ही मिळकत माझी वडिलोपार्जित आहे, सरकारी पदाची नाही. पुजारीपण वारशानं चालायचं आणि त्याला बाजारातल्या वस्तूसारखी किंमत होती, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

वर चढायला मात्र आयुष्य जायचं. बाकेनखोन्सूचा पुतळा आज म्युनिकला आहे, त्यावर त्याची अख्खी कारकीर्द कोरलीय. आधी शिक्षण, मग 11 वर्षं सेती राजाच्या तबेल्यावर. त्यानंतर 4 वर्षं ‘वाब’, म्हणजे शुद्ध पुजारी, ही सगळ्यात खालची पायरी. 12 वर्षं ‘देवाचा पिता’, 15 वर्षं तिसरा सेवक, 12 वर्षं दुसरा, आणि मग 27 वर्षं अमूनचा मुख्य पुजारी, रामसेस दुसरा याच्या राज्यात.

त्या खुर्चीत एवढं काय होतं? जमीन, गुरं, जहाजं, माणसं. रामसेस तिसरा याच्या दानांची यादी हॅरिस पपायरसमध्ये आहे. थीब्जच्या, म्हणजे कर्नाक ज्या शहरात होतं तिथल्या, देवस्थानांच्या नावावर तिथे 86 हजारांवर माणसं आणि 4 लाखांवर जनावरं नोंदली आहेत. माझ्या मते पुजाऱ्यांची ताकद मंत्रांपेक्षा या कोठारांमध्ये होती. रामसेस नववा याच्या काळात मुख्य पुजारी अमेनहोतेप कर्नाकच्या भिंतीवर राजाइतकाच उंच कोरला गेला. इजिप्तच्या चित्रकलेत उंची म्हणजे दर्जा, त्यामुळे ही साधी गोष्ट नाही. काही दशकांतच हेरिहोर मुख्य पुजारी झाला. रामसेस अकरावा अजून हयात, पण खोन्सूच्या मंदिरात हेरिहोरनं राजासारखं स्वतःचं नाव लंबगोल चौकटीत कोरून घेतलं. राजांना दोन चौकटी लागतात. एकीत त्याचं नाव आहे, आणि दुसरीत राजनाम म्हणून त्याची पदवीच: अमूनचा पहिला सेवक.