दोन कडे, दोन वाटा

श्रोतेहो, नमस्कार. ग्रीस म्हटले की पांढरी घरे आणि निळा समुद्र असलेली बेटेच डोळ्यांसमोर येतात. आज मात्र आपण बेटांकडे पाठ फिरवून मोटारीने अथेन्सहून डेल्फीला आणि तिथून मेटेओराला जाणार आहोत. दोन्ही ठिकाणे कड्याच्या आधाराने वसलेली. पण एकाला माणसे यायला हवी होती आणि दुसऱ्याला नको होती, हे रस्त्याने गेल्यावरच नीट कळते.

अथेन्सपासून डेल्फी सुमारे 180 किलोमीटर आहे. थेबेसचे सपाट मैदान मागे पडले की पार्नासोस पर्वताचा घाट लागतो आणि अराखोवा गावाच्या अरुंद गल्लीतून समोरची बस जाईपर्यंत आपली गाडी मुकाट्याने थांबते. पुढच्या उतारावर अपोलोचे देवस्थान आहे. पिथिया नावाच्या पुजारिणीचा कौल घ्यायला नगरराज्यांचे दूत इथे येत आणि आपापल्या वैभवाची साक्ष म्हणून चढत्या वाटेच्या कडेला छोटी कोषागारे बांधून ठेवत. मंदिराचे आज उभे असलेले मोजके खांब इ. स. पूर्व चौथ्या शतकातले आहेत.

माझे पाय मात्र मंदिराखालच्या भिंतीपाशी अडखळले. वेड्यावाकड्या कडांचे दगड एकमेकांत अचूक बसवलेल्या या भिंतीवर बारीक अक्षरांत शेकडो लेख कोरलेले आहेत आणि त्यांतले बहुतेक गुलामांच्या मुक्ततेचे आहेत. मालक गुलामाला अपोलो देवाला विकल्याचे कागदोपत्री, म्हणजे खरे तर दगडोदगडी, नोंदवी. देव काही चाकरी मागायला येत नसे, म्हणून तो माणूस मोकळा होई. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे ज्यांनी पाहिली आहेत, आणि त्या दात्यांत स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणारेही आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही भिंत परकी वाटणार नाही.

डेल्फीहून उत्तरेला लामियामार्गे थेसलीच्या मैदानात उतरले की कालाम्बाका गावाच्या पाठीशी एकाएकी दगडांचे सुळके उभे राहतात. हेच मेटेओरा. नदीने आणलेले गोटे आणि वाळू थिजून झालेला हा खडक. चौदाव्या शतकात, धामधुमीच्या काळात, संन्याशांनी त्याच्या माथ्यावर मठ बांधले. एकेकाळी ते चोवीस होते, आज सहांत वस्ती आहे. वर जायला दोरीच्या शिड्या किंवा जाळे. वार्लाम मठात तो लाकडी रहाट अजून पाहायला मिळतो. माणूस जाळ्यात गाठोड्यासारखा बसे आणि वरचे संन्यासी रहाट फिरवून त्याला ओढून घेत. खाली पाहिल्यावर मला तर डोळे मिटावेसे वाटले. तिथेच बारा हजार लिटरचे प्रचंड लाकडी पिंपही आहे, म्हणजे पाण्याची तजवीज पक्की होती. खडकात पायऱ्या खोदल्या गेल्या त्या 1920च्या दशकात, आणि आता तर पर्यटकांच्या बसगाड्या थेट दाराशी लागतात.

जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की प्रत्येक मठाची साप्ताहिक सुट्टी वेगळी असते. म्हणून कालाम्बाकात दोन रात्री मुक्काम करावा. स्त्रियांनी लांब घागरा बरोबर ठेवावा, नाहीतर दारात मिळणारा गुंडाळून घ्यावा लागतो.