समेला प्लायवूड

(पुण्यातल्या एका घरगुती मेळाव्यातील भाषण, थोडं संपादून)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘थेट प्रक्षेपणाची दृश्ये व मिडी कंट्रोलर’. मथळा संयोजकांचा आहे. माझ्यावर सोपवलं असतं तर ‘माऊस बाजूला ठेवा’ एवढंच लिहिलं असतं.

त्याचं कारण चार वर्षांपूर्वीचं. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात बैठक होती. पन्नासेक माणसं समोर, तेवढीच ऑनलाइन. थेट प्रक्षेपणाचं चित्र मी सांभाळत होतो. बुवांचं नाव सांगत नाही; ते अजून मला ओळख देतात, तेवढं टिकवायचंय. विलंबित एकतालात मारवा चाललेला. मला वाटलं, मागची भिंत हळूहळू तांबूस करावी. (मारव्याला उतरता उजेडच हवा, हे माझं मत. ज्यांना भांडायचंय त्यांनी चहाच्या वेळी यावं.) ओबीएस, म्हणजे थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर, त्यात रंगाच्या फिल्टरची खिडकी उघडली, त्यातली इवलीशी पट्टी माऊसनं पकडली आणि केसाएवढी सरकवत बसलो. डोळे लॅपटॉपमध्ये, बुवांकडे पाठ. बुवा मुखड्यावर आले, श्रोत्यांत ‘आहा’ झालं, मी दचकलो, आणि क्लिक पडलं भलत्याच सीनवर (सीन म्हणजे पडद्यावर आणायला तयार ठेवलेलं चित्र). समेला न्यू जर्सीतल्या माझ्या मावशीला बुवांऐवजी दिसलं प्रायोजकांचं प्लायवूड. पडदाभर. उकळत्या पाण्यातही टिकणारं!

मावशीचा लगेच फोन : “अरे, बुवा कुठे गेले?” बुवा मात्र मध्यंतरात एवढंच म्हणाले, “समेला प्लायवूड?” त्यानंतर आमच्या घरात कुठलीही गोष्ट नको तिथे कडमडली की हेच म्हणतात. परवा वरणात केस निघाला तेव्हासुद्धा.

पण मला लागलं ते वेगळंच. माझ्या शेजारी साउंडवाला मुलगा बसला होता, विशीतला. मिक्सरच्या फेडरवर, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या खुंटीवर, दोन बोटं ठेवून तो पूर्ण वेळ बुवांकडे बघत होता. तबलजी कधी बायाँकडे बघतो का? हाताला जागा ठाऊक असते. आवाजाच्या माणसाला हे सुख कधीपासूनचं आहे, आणि चित्राच्या माणसानं मात्र बाणाची शेपटी धरून पळायचं. हा अन्याय आहे, हे मी तेव्हापासून दिसेल त्याला सांगतोय. माझी बायको इथून लवकर का निघाली ते आता कळलं असेल.

गंमत म्हणजे औषधही गाण्याबजावण्याच्याच कपाटात होतं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६, दोन स्पर्धक कंपन्यांचे सिंथेसायझर, एका केबलनं जोडून दाखवले. ते मिडी. त्यातून आवाज जातच नाही, जातात आकडे : अमुक चॅनेल, अमुक नंबरचा नॉब, आणि तो किती फिरलाय त्याची किंमत, ० ते १२७. मग त्या आकड्यानं ऑर्गन वाढवा की भिंत तांबूस करा, मिडीला काय त्याचं? जुन्या पाच पिनांच्या केबलवरसुद्धा असा एक निरोप साधारण एका मिलिसेकंदात पोचतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर आपली एक फ्रेमच ४० मिलिसेकंदांची...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, म्हणजे प्लायवूडनं वेळ खाल्ला. मुख्य भाग आता धावत सांगतो.

मिडी कंट्रोलर म्हणजे हे आकडे पाठवणारा फेडर-नॉबचा डबा. माझ्याकडे कॉर्गचा नॅनोकंट्रोल-२ आहे, आठ फेडर, आठ नॉब. ओबीएसला मिडी थेट कळत नाही. मध्ये दुभाष्या प्रोग्राम लागतो. तो ओबीएसशी वेबसॉकेटनं, म्हणजे दोन प्रोग्रामांमधल्या बोलण्याच्या वाटेनं, बोलतो, आणि वेबसॉकेट आवृत्ती २८ पासून ओबीएसमध्येच येतं. पारदर्शकतेला १२८ पायऱ्या पुरतात. चित्र आडवं सरकवायला पुरत नाहीत : १९२० पिक्सेल भागिले १२८, दर पायरीला १५ पिक्सेलचा धक्का. तिथे दुभाष्यात स्मूदिंग लावा, म्हणजे दोन पायऱ्यांमधली उडी गुळगुळीत होते.

सगळ्यात मोठा खड्डा असा : सीन बदलला, सॉफ्टवेअरमधली किंमत २० आहे, फेडर मात्र वर ११० वर उभा. बोट लागलं की चित्र उडी मारतं. ‘पिकअप’ चालू ठेवा, म्हणजे फेडर त्या किमतीवरून जाईपर्यंत काहीच हलत नाही.

फेडरवर फक्त हळू बदलणाऱ्या गोष्टी ठेवा, सीन बटणांवर. प्रायोजकांचं बटण पार टोकाला, वर चिकटपट्टी लावून. डबा बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलाय, हात लावून बघा. कप तेवढा त्याच्यावर ठेवू नका.