लो केलेली गाडी आतल्या कडेने टायर का खाते?

मंडळी, लो केलेल्या, म्हणजे स्प्रिंगा बदलून किंवा कापून खाली आणलेल्या गाडीचा टायर समोर उभं राहून बघितला तर काहीच कळत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, टॉर्च घ्या आणि टायरची आतली कड बघा. तार निघालेली नाही याची खात्री झाली की मगच तळवा फिरवा, नाहीतर बोट कापतं. बाहेरच्या बाजूला पाच मिलिमीटर ग्रिप (नक्षीची खोली) आणि आतल्या कडेला पार गोटा झालेला, असा टायर अशा गाड्यांवर सर्रास सापडतो. कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर खोली लागते आणि ती आतल्या कडेलाही मोजून बघा.

गाडी लो केली की चाक वरून आत झुकलेलं दिसतं, म्हणून सगळं खापर कॅम्बरवर, म्हणजे या उभ्या झुकावावर फुटतं (वरून आत झुकलं तर उणे, बाहेर झुकलं तर अधिक). पण खरा चोर बहुतेक वेळा टो असतो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची पुढची टोकं आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) किती वळलेली आहेत ते, आणि तो डोळ्याला दिसत नाही. हिशेब करून बघू. 195/65 आर 15 टायरचा व्यास साधारण 635 मिलिमीटर. समजा दोन्ही चाकं मिळून 3 मिलिमीटर टो-आउट आहे, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला दीड. हे चाक 635 मिलिमीटर पुढे जाताना दीड मिलिमीटर बाहेर जायला बघतं, पण गाडी सरळ चाललेली असल्यामुळे त्याला जाता येत नाही. किलोमीटरमागे ही आडवी ओढ होते जवळजवळ 2.4 मीटर, आणि 10,000 किलोमीटरला 24 किलोमीटर. यातलं काही रबर लवचीकपणाने सोसतं, बाकीचं रस्त्यावर खरवडून जातं. अलाइनमेंटच्या मशीनवर हाच दीड मिलिमीटर एका चाकाला फक्त 8 मिनिटं असा दिसतो. एका अंशाची 60 मिनिटं, त्यातली 8! आता यात उणे दीड अंश कॅम्बर मिळवा. वजन आतल्या कडेवर, आणि टो-आउटची खरवडही तिथेच. टो शून्याला असेल तर तोच दीड अंश कॅम्बर टायर खूप हळू खातो.

उंची बदलली की टो का बदलतो? लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) एका कमानीत वर-खाली होतो, टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) दुसऱ्या कमानीत. कंपनीने या दोन कमानी मूळ उंचीला जुळवलेल्या असतात. गाडी 40 मिलिमीटर खाली आणली की जुळणी सुटते. कोणत्या गाडीत टो आत जाईल आणि कोणत्या गाडीत बाहेर, हे स्टिअरिंगचा रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे आणि किती उंचीवर, यावर ठरतं. ‘लो केली की टो-आउट होतोच’ असा सरसकट नियम मानू नका, मोजा. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेलं सस्पेन्शन) आणखी एक गंमत आहे. आर्म स्ट्रटशी काटकोनात येईपर्यंत कॅम्बर उणे होत जातो, त्याच्याही वर गेला की उलटा अधिककडे सरकतो. म्हणून अति लो केलेली गाडी वळणावर टायरची बाहेरची कडसुद्धा खाऊ शकते.

मशीनवर चढवण्याआधीची कामं बहुतेक ठिकाणी गाळली जातात. नव्या स्प्रिंगा बसायला तीनचारशे किलोमीटर द्या, तोवर केलेलं अलाइनमेंट कच्चंच समजा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही उंच्या मोजून लिहून ठेवा. हवा बरोबर करा. जॅकवर चाक वर-खाली धरून हलवा, मग आडवं धरून हलवा. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड किंवा बेअरिंगला प्ले असेल तर ते आधी बदला, कारण सैल जोडावर केलेली सेटिंग गेटबाहेर पडेपर्यंतही टिकत नाही. आणि बुश, म्हणजे जोडातली रबरी नळी! लोअर आर्मच्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी लिफ्टवर लटकत असताना बोल्ट आवळला तर खाली उतरल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतो. बोल्ट ढिले ठेवा, चाकांवर वजन येऊ द्या, मग टॉर्क रेंचने आवळा.

स्प्रिंग कापून गाडी लो करणाऱ्यांसाठी एवढंच: सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, पण शॉकअप जुनाच राहतो. मग टायरवर खड्डे-खड्डे पडतात आणि ते कुठलंच अलाइनमेंट भरून काढत नाही.

मशीनवर क्रम मागून पुढे. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, मग पुढचा कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल), कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. पुढच्या चाकांखालच्या प्लेटा मोकळ्या फिरताहेत ना, ते बघा. स्टिअरिंग सरळ लॉक करा. टाय रॉड फिरवताना रबरी बूट पिळला जाऊ देऊ नका. स्ट्रटच्या खालच्या टोकाला असलेल्या बोल्टांपैकी एकाच्या जागी कॅम ​​बोल्ट घालून कॅम्बर थोडा परत आणता येतो. रोजच्या गाडीला उणे दीडपर्यंत आणि टो शून्याच्या आसपास, ही माझ्या मते समंजस सेटिंग.

मागच्या चाकांकडे लोक ढुंकून बघत नाहीत. स्विफ्ट, पोलोसारख्या गाड्यांना मागे सलग बीम आहे. अशी गाडी लो केल्याने मागचा कोन फारसा बदलत नाही, पण बीम वाकली असेल तर शिम (पातळ पत्रा) घालण्याखेरीज इलाज नाही. 2006 ची सिव्हिक वेगळी. तिला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, लो केली की मागचा कॅम्बर चांगलाच उणे होतो आणि कंपनीकडून त्याला ॲडजस्टमेंट नाही. ॲडजस्टेबल वरचे आर्म घालावे लागतात.

प्रिंट घेताना ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही मागा. नुसता हिरवा रंग (माप कंपनीच्या मर्यादेत असल्याची खूण) बघून निघू नका, कारण हिरव्या पट्ट्याच्या दोन टोकांत बराच फरक असतो. मग दोन हजार किलोमीटरनंतर तळवा पुन्हा फिरवा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना टोचतंय, तर टो-इन. उलटं असेल तर टो-आउट. टोचत काहीच नाही पण आतली कड सपाट झिजते आहे, तर कॅम्बर. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी.

झिजायला लागलेला टायर पुढचा मागे करून फारसं साधत नाही, आतली कड आतच राहते. तो रिमवरून उतरवून उलटा बसवला तर मात्र न झिजलेली बाजू आत येते. पण ज्याच्यावर ‘आउटसाइड’ लिहिलंय तो उलटा बसवता येत नाही. फिरण्याचा बाण असलेला उलटवला तर गाडीच्या दुसऱ्या बाजूलाच लावावा लागतो.