मुदतीचा ताप

[दृश्य : औसा तालुका, मे महिना. टँकरचा पाइप विहिरीत सोडलेला.]

टँकर विहिरीत रिकामा होतो तेव्हा आधी गाळ वर येतो. पोहरे काही तो बसेपर्यंत थांबत नाहीत. घागरीतून रांजणात, फडकं दुहेरी करून गाळलं की झालं. टायफॉईडचा जंतू त्या फडक्यातून आरामात पार होतो.

[दृश्य : ओसरी. बाजेवर बारा वर्षांचा पोरगा.]

आजी म्हणते, "मुदतीचा हाय. एकवीस दिवस घेतंयच."

ही मुदत औषधांनी मोडली होती. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं, ताप चार-पाच दिवसांत उतरू लागला. १९७२ मध्ये केरळात, कालिकतला, ते लागू पडेना. पुढे सिप्रोफ्लॉक्सॅसिनचंही तेच झालं. २०१६ पासून पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबादेत, सेफ्ट्रिॲक्सोनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला. तोंडाने घ्यायचं भरवशाचं एकच औषध उरलं, ॲझिथ्रोमायसिन.

उतारा निघाला तो दुसऱ्या हैदराबादेतून. आपल्या! मराठवाडा १९५६ पर्यंत त्याच राज्यात होता, म्हणून आपल्या. तिथल्या भारत बायोटेकची लस पाकिस्तानने २०१९ मध्ये नेहमीच्या लसीकरणात घेतली.

[दृश्य : जंतूचं रेखाचित्र.]

औषधाला चकवायची युक्ती जंतू आतल्या आत करतो, कधी औषध तोडणारं एन्झाइम बनवतो. लस शरीराला ओळख करून देते ती त्याच्या अंगरख्याची, व्हीआय नावाच्या साखरेच्या कवचाची. आत काय बदललं याच्याशी तिला देणंघेणं नाही. पण दोन वर्षांखालच्या लेकरांचं शरीर नुसत्या साखरेकडे ढुंकून बघत नाही. म्हणून साखरेला धनुर्वाताचं निकामी केलेलं विष जोडलं. ते शरीर चटकन ओळखतं, आणि त्याच्या जोडीने साखरही लक्षात ठेवतं. सहा महिन्यांच्या बाळालाही एक डोस देता येतो. नेपाळमधल्या चाचणीत तिने सुमारे ८० टक्के टायफॉईड रोखला.

सगळे जंतू इतके सरळ नाहीत. अतिदक्षता विभागात ठाण मांडणाऱ्या क्लेबसिएलाच्या कवचाचे ७० हून अधिक प्रकार आहेत. कुठल्या अंगरख्यावर लस करायची?

२०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने एक लाखाहून अधिक मुलांना ही टायफॉईडची लस दिली. सरकारी मोहिमेतला तो जगातला पहिला प्रयोग.

[दृश्य : पुन्हा ओसरी.]

पोराचा ताप आज उतरलाय. पट्टीतल्या दोन गोळ्या उरल्यात. आईने त्या फडताळात ठेवल्या, धाकटीला लागतील म्हणून.