सोनचाफा वाळतोय? खत बाजूला ठेवा, आधी बुंधा उघडा

नमस्कार. अंगणातल्या सोनचाफ्याची पाने पिवळी पडून गळत आहेत आणि शेंडे वाळत आहेत, तर कोणते खत घालावे, असा प्रश्न पावसाळ्यापासून सतत येतो आहे. सध्या कोणतेही घालू नका, हे त्याचे उत्तर आहे.

प्राथमिक तपासणी तुम्हाला माहीत असेलच. फांदीची साल नखाने खरवडल्यावर आत ओला हिरवा थर दिसला तर ती फांदी जिवंत आहे. खोडाला भोक असून खाली भुसा पडत असेल तर खोडकिडा आहे. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुधा लोह कमी पडते आहे.

खोडकिडा किंवा लोहाची कमतरता दिसत नसेल तर खाली वाकून बुंधा पाहा. बांधावरचा जुना आंबा आठवा. त्याचा बुंधा जमिनीजवळ रुंदावतो आणि मुळ्या फुटताना दिसतात. तुमचा चाफा मात्र विजेच्या खांबासारखा सरळ मातीत शिरत असेल, तर त्याच्याभोवती मातीची भर पडली आहे. मुळांची साल ओलाव्यात राहू शकते, पण खोडाची साल सतत ओली राहिली की कुजते आणि पानांत तयार झालेले अन्न खाली उतरण्याची वाट बंद होते. कलम लावताना सांधा मातीच्या वर ठेवणारी आपण माणसे पुढे त्याच झाडाला हौसेने भर घालत राहतो, याचा मला खरोखर राग येतो.

हा राग स्वतःवरचाही आहे. आमच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना कंत्राटदाराने माझ्या चाफ्याभोवती वीतभर मुरूम ओतला, तेव्हा मी गप्प राहिले आणि वर विटांचे सुबक आळे बांधून घेतले. दुसऱ्या पावसाळ्यात माती ओली असूनही पाने मलूल झाली, आणि मी आणखी पाणी घातले! मातीत ओलावा आणि हवा दोन्ही असतात त्या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतात; तो तिथे उरलाच नव्हता. मुळांना हवा मिळत नव्हती.

म्हणून खुरपीने हलक्या हाताने, पहिली जाड मुळे दिसेपर्यंत भर काढा. काळी पडलेली, आंबूस वासाची साल निरोगी भागापर्यंत खरवडून दोन-चार दिवस सुकू द्या आणि मग बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. त्यासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण आहे; एका झाडाला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरते. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळी करून मग एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा बुडवल्यावर तांबूस थर चढला, तर चुना आणखी हवा. पाणी खोडाशी न घालता फांद्यांच्या घेराखाली द्या, आणि तेही वरची माती सुकल्यावरच.

‘त्यापेक्षा तोडून नवीन लावतो’ असे लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते: महाराष्ट्रात शहरी हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार स्वतःच्या अंगणातले झाड तोडण्यासाठीही परवानगी लागते.

माझ्या चाफ्याची पूर्वेकडची मोठी फांदी गेली. बाकीच्या झाडाला पालवी यायला पुढचा पावसाळा उजाडला. त्या सुबक आळ्याच्या विटा आता कुंड्यांखाली आहेत.